हळदीचा डबा

"बंद कर! आधी बंद कर!" तुलाराम मिस्त्री ओरडला. दोन उचक्या देऊन म्हातारा ट्रक गप्प झाला. बॉनेटच्या फटींतून वाफ फुसफुसत राहिली.

अड्याळच्या बाजाराबाहेर, पवनी-भंडारा सडकेला लागून तुलारामचं टिनाचं वर्कशॉप होतं. ट्रक त्यानं बघताक्षणी ओळखला. तुमसरच्या राईस मिलवाल्या शेठचा. दारावर पिवळ्या रंगात शेठच्या आईचं नाव. त्याच मिलमध्ये महिन्याआधी धान उकडायचा बॉयलर फुटला आणि तुलारामचा धाकटा भाऊ इश्वर जिवंत उकडून मेला. शेठ म्हणत होता, इश्वर दारू पिऊन होता. ज्या पोरानं आयुष्यात मोहाच्या फुलाचा वाससुद्धा घेतला नाही, तो!

चौकशीचा साहेब आज तुमसरला बसला होता. चार वाजता कागद बंद होणार होते. आणि कालच एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं होतं, शेठ पवनीकडून पढवलेले साक्षीदार आणवून राहिला म्हणून.

"चारच्या आत तुमसरले पोचाचं हाये, मिस्त्री," डायव्हर खाली उतरून म्हणाला. मानेवरून घामाचे ओघळ. "पाह्य ना काय झालं."

"मागं काय भरलं?"

"धान."

ताडपत्रीखाली कोणीतरी खोकललं.

"धानाले खोकला झाला वाटते," तुलाराम म्हणाला. डायव्हर हसला नाही.

वाफ निवल्यावर तुलारामनं रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि ट्रक सुरू करायला लावला. भाताच्या हंडीसारखे बुडबुडे वर आले. सायलेन्सरमधून पांढरा धूर. त्यानं तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल अजून काळंच होतं, फक्त कडेला दुधाळ रेघ.

हेड गॅस्केट, इंजिनाच्या झाकणाखालचं पातळ अस्तर, फुटलं होतं, पण नुकतंच. मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकायची, ती फटीत जाऊन बसते. मग दर पाच मैलांवर पाणी पाजत सावकाश हाकायचं. असे कितीतरी ट्रक त्यानं पार नागपूरपर्यंत पोचवले होते. हळदीचा डबा पाठीमागच्या फळीवरच होता.

साक्षीदारच पोचले नाहीत, तर शेठ खोटं कोणाच्या तोंडून वदवणार?

"गॅस्केट गेलं," तो म्हणाला. "एक मैल जरी नेला तं इंजन जाम होईन. हेड खोलाच लागते."

"हळद टाकून नाही चालन का? काही मिस्त्री टाकतेत."

"हळद नवरदेवाले लावतेत, डायव्हर साहेब."

डायव्हर ओठ चावत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं, पण ट्रक मागच्या अंगाले घेऊ. सडकेवरून दिसते."

पापाला उजेड सोसत नाही तर, तुलारामच्या मनात आलं. उतारावरून ट्रक मागं ढकलला. ढकलतानाही ताडपत्रीखालून कोणी उतरलं नाही.

"पोस्टात फोन हाये. शेठले लावा, दुसरी गाडी पाठवन," संशय येऊ नये म्हणून तुलाराम म्हणाला.

"शेठले कायले?" डायव्हर झटक्यात बोलला. "जीप गेली का त्याची इकडून?"

"नाही पाह्यली."

थोड्या वेळानं त्यानं परत तेच विचारलं. मालकाच्या चपलेला इतका भिणारा माणूस बघून तुलारामला किळस आली. असल्या भाडखाऊंच्या जोरावरच शेठ लोकांना उकडून मारतात.

त्यानं पाना लावला. एकेक नट सोडवून तेलाच्या टिनात टाकला. टण्ण. टण्ण. घाई अजिबात केली नाही. एक वाजता हेड उचलून लाकडी फळ्यांवर ठेवलं. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केटला नखाएवढी जळकी फट.

"नवं भंडाऱ्याहून आणा लागन. एस.टी. तीनले येते."

डायव्हरनं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि तोंड फिरवलं.

ताडपत्री सरकली. एक बाई उतरली. मनगटापासून कोपरापर्यंत चिंधी गुंडाळलेली, छातीशी गाठोडं. माठातलं पाणी पितानाही तिनं ते खाली ठेवलं नाही.

"घाई कर ना रे बापू," ती म्हणाली.

"कायची येवढी घाई, बाई?"

ती बोलायला गेली. डायव्हरनं मान हलवली, नाही म्हणून. ती पदरानं तोंड पुसत मागं सरली.

पढवलेली, तुलाराम मनात म्हणाला आणि चहा गार व्हायची वाट बघावी अशा सवडीनं पिस्टनवरची काजळी खरवडत बसला.

तीन वाजले. एस.टी. आली, गेली. डायव्हर चढला नाही. साडेतीन. टिनाचं छत तडतडत होतं.

चार वाजले तसा डायव्हर मातीतच बसला, डोकं गुडघ्यांत घालून. तुलारामनं हात पुसले. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला पुरता श्वास घेता आला.

ताडपत्रीखालून दोन माणसं उतरली. कोणी शिवी दिली नाही. तुलाराम ज्या लाकडी ठोकळ्यावर बसला होता, त्याच्याजवळ बाई येऊन बसली.

"कुंताबाई, नको," डायव्हर म्हणाला.

"आता बोललं तं काय होते, सुखराम? साहेब आता शेठ म्हनन तेच लिहीन."

तुलारामचा हात फडक्यातच थांबला.

"आमी बॉयलरवरचे हावो, बापू. फुटला त्याच दिवशी शेठनं आमाले उचललं अन् पवनीकडच्या वाडीत कोंडलं. आज या सुखरामनं त्याचाच ट्रक चोरला, आमाले साहेबापुढं उभं कराले."

तिनं गाठोडं सोडलं. बॉयलरची जास्तीची वाफ सोडणारा व्हॉल्व्ह. उघडू नये म्हणून लोखंडी तारेनं सात-आठ वेढे देऊन आवळलेला. तारेचं टोक पकडीनं पिळलेलं. मिस्त्रीला याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

"फुटला तवा माह्या पायाशी येऊन पडला. तवापासून लुगड्यात लपवून ठेवला," बाई म्हणाली. "त्या इश्वरचा भाऊ अड्याळातच रायते म्हनतेत. त्याच्या हातात तरी देतो. तू ओळखते का त्याले?"