पडद्याच्या क्लिपा

समोर मोकळं मैदान होतं, तेव्हापासून मी या खिडकीत उन्हाला बसून विणते. परवा खिडकीच्या पडद्याच्या जुन्या क्लिपा तुटल्या, पडदा गळून पडला आणि समोरच्या नव्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी लगेच माझ्या मुलाला फोन केला, “तुमच्या आई सारख्या आमच्या घरात बघतात.”

मुलगा नव्या क्लिपा घेऊन आला. “आई, उगाच वाद नको. पडदा कायमचा लावून टाकू. तू दिवा लावून विण.”

“अरे, त्यांच्या इमारतीचा पाया खणला, तेव्हाही मी इथंच बसले होते!”

“आई, ऐक ना जरा!”

दुपारी कारागीर ड्रिल घेऊन आला. “आजी, कुठे बसवायचा?”

मी पडदा आणि क्लिपा त्याच्या हातात ठेवल्या.


“समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. अडचण त्यांना होतेय, मग ऊन माझं का जावं?”