पहिलं गिऱ्हाईक

“बसा की, साहेब. पहिली दाढी तुमचीच,” सलूनवाला म्हणाला आणि त्याने खुर्ची पुढे ओढली.

एचआयव्ही मदत केंद्राच्या हॉलमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. फोटो नुकताच काढून झाला होता. केंद्रप्रमुख साहेबांनी त्याला वस्तरा, कात्र्या आणि नव्या पात्यांची पाकिटं घातलेली पेटी दिली होती. भीती मनातून काढून टाका, असं भाषणही ठोकलं होतं. आता काढा म्हणावं, सलूनवाल्याला वाटलं.

त्याच्या लेखी केंद्राची ही माणसं कवडीमोलाची होती. त्याच्या आजाराचा बभ्रा झाला, गिऱ्हाईक तुटलं, दुकान बसलं, तेव्हा यांनी त्याला मेणबत्त्या करायला शिकवलं. मग ऐन उन्हाळ्यात ब्लँकेट दिलं. मग कुणी बाई येऊन सगळ्यांना टाळ्या वाजवत हसायला लावून गेली. तोही हसला, कारण चहा त्यानंतर होता. तो मात्र एकच मागत होता, दुकान पुन्हा चालू करून द्या. तोंडाने गोड बोलायचं आणि चार हात लांब उभं राहायचं, याचाच पगार घेतात लेकाचे.

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. समुपदेशक ताई घाईघाईने म्हणाल्या, “अहो, साहेबांना पुढे मीटिंग आहे.”

साहेबांनी हनुवटीवरून हात फिरवला. खुंट चांगलेच वाढले होते, सकाळीच दाढी केली म्हणायचीही सोय नव्हती. सलूनवाला मजा बघत उभा राहिला.

साहेबांनी चष्मा काढून ताईंच्या हातात दिला. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मान मागे टाकली.

सलूनवाल्याने फेस लावला. नवं पातं मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवलं. दर गिऱ्हाईकाला नवं पातं, मग कसलाही धोका नाही, हे ताईंचं वाक्य त्याला तोंडपाठ होतं. गल्लीभर तो तेच सांगत फिरायचा आणि न पटणाऱ्यांना शिव्या घालायचा. वस्तरा साहेबांच्या गालापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

सगळे बघत होते. गालावरचा फेस सुकत चालला.

“काय झालं?” साहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

सलूनवाल्याने वस्तरा मिटला.

“साहेब, आजार कळला तेव्हापासून माझ्या पोराचे केससुद्धा मी दुसऱ्याकडून कापून आणतो.”