उगारलेला हात

लेक बिथरली की घरात काही शाबूत राहत नसे. चावे, ओरबाडे, भिरकावलेल्या वस्तू. अशा वेळी तिला मागून घट्ट धरायचं आणि कानात एवढंच म्हणायचं, "मी आहे. जाईल राग," असं थेरपिस्ट ताईंनी आईला शिकवलं होतं. "त्यापेक्षा एक ठेवून दे कानाखाली, येईल ताळ्यावर," सासूबाई ऐकवत. पण आईने लेकीला आजवर बोटही लावलं नव्हतं.

आज लेकीने वर्गातल्या मुलाला चावून रक्त काढलं. "उद्यापासून पाठवू नका," शाळेने कळवलं. घरी येताच लेकीने फेकलेला स्टीलचा पेला आईच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. "मर एकदाची!" किंचाळत आईने तिचे केस धरले, हात उगारला. लेक भिंतीला चिकटली. तिचे डोळे पाहिले, केस सोडून पाठ फिरवली आणि तो हात आईने स्वतःच्याच तोंडावर मारला. फाडफाड, ओठ फुटला तरी थांबेना.

तेवढ्यात मागून दोन छोट्या हातांचा घट्ट विळखा तिच्या कमरेला पडला. "मी आहे," लेक म्हणाली, "जाईल राग."