लाल पेन

हे इंग्रजीचे मास्तर. लग्नानंतर मलाही व्याकरण गाण्यांतून शिकवलं. टेबलावर ठेका धरायचे, मी भांडी घासत गायचे. एक शब्द चुकला, की ठेका थांबायचा: “पुन्हा!” वहीत तर लाल पेनाचा नुसता धुमाकूळ. चाळीस वर्षांत तोंडातून एकदा ‘छान’ निघेल तर शपथ! गेली दोन वर्षं ह्यांचं विसरणं वाढत चाललंय. डॉक्टर म्हणाल्या, “जुन्या सवयी जागवून बघा.” म्हणून काल त्या व्याकरणाच्या गाण्यांतलंच एक मुद्दाम चुका करकरून वहीत लिहिलं आणि वही लाल पेनासकट पुढ्यात ठेवली. मनात म्हटलं, ओरडा, फेकून मारा वही, पण चिडा. ह्यांनी शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचलं. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. खाली लिहिलं, ‘छान’. मग वही अदबीनं परत देत म्हणाले, “बाई, मेहनत दिसते हं तुमची. घरी मिस्टरांना नक्की दाखवा.”