तांब्याची तार

“बोला माई गारिकाई, लावू का उतरू?” मुटेरो छपरावरून ओरडला. “पत्रा तापलाय. सहविरा भाजून खायची पद्धत अजून आपल्याकडे आलेली नाही!”

खाली माई गारिकाई शिडी धरून उभ्या होत्या. मुटेरो त्यांच्या घराण्याचा सहविरा, पिढीजात मित्र. सहविऱ्याला सगळं माफ. तो मयताच्या घरीही थट्टा करतो आणि कोणी रागवायचं नसतं. न्यांगाच्या बाजारात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. माईंच्या मुलानं, गारिकाईनं, इंग्लंडहून पैसे पाठवले होते आणि मुटेरो सॅटेलाईट इंटरनेटची सुपाएवढी डिश घेऊन आला होता.

“वानरं उपटून नेतील,” माई म्हणाल्या.

“वानरांना इंटरनेट नको, तुमचा मका हवाय.”

“वीज जाते.”

“सोलरची बॅटरी जोडतो. आणि वर बघा, आभाळ कसं मोकळं आहे. एक फांदी आड येत नाही.”

“जुनी टेलिफोनची लाईन काय वाईट आहे? हळू चालते, पण चालते.”

मुटेरो छपराच्या कडेला येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, “लाईन हळू आहे, की तुम्हालाच ती हळू हवी आहे?”

दुसऱ्या कोणी हे विचारलं असतं, तर माईंनी शिडी काढून घेतली असती.

माईंचे यजमान, बाबा गारिकाई, व्हरांड्यात चहा पीत बसले होते. ते पूर्वी मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते. प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव, कुळाचं देवक त्यांना पाठ असायचं. गारिकाई वसतिगृहात होता तेव्हा त्याची पत्रं रुसापेच्या बसनं यायची. ड्रायव्हर गाडी न थांबवताच पाकीट भिरकावायचा. बाबा ते रस्त्यातच उघडायचे आणि भेटेल त्याला वाचून दाखवायचे, शेळ्या राखणाऱ्यांनासुद्धा. पत्राच्या उत्तराला महिना लागायचा. तेव्हा कोणी म्हणत नसे, की माणूस विसरला.

गेल्या थंडीत एका दुपारी माईंनी हाक मारली होती, “बाबा गारिकाई, मक्याचा सद्झा वाढलाय.” ते येऊन बसले. हात धुता धुता त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “गारिकाई कोण?”

पोर जन्मल्यापासून सगळं गाव त्यांना त्याच नावानं, गारिकाईचे बाबा म्हणून, हाक मारत होतं.

तेव्हापासून रविवार माईंना जड जायचा. टॅबलेटच्या पडद्यावर गारिकाईचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटायचा. बापाला नमस्कार करताना तो दोन्ही तळवे एकमेकांवर वाजवायचा. टाळ्या आधी दिसायच्या, आवाज मागून यायचा. “बाबा, कसे आहात?” तो विचारायचा. बाबा नुसते बघत राहायचे.

“लाईन मंद आहे रे,” माई म्हणायच्या. “त्यांना ऐकू येत नाहीये.”

तांब्याची ती जुनी तार सगळं पोटात घालायची.

गारिकाई लीड्सला एका वृद्धाश्रमात काम करायचा. परक्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, त्यांच्याशी बोलत बसायचं. त्याला इथलं कळलं असतं तर नोकरी टाकून तो निघून आला असता. आला नसता तर त्याहून वाईट. बापाच्या लेखी आपण कोणीच नाही, हे घेऊन तो त्या परक्या गावात एकटा कसा झोपणार?

“उतरा,” माई म्हणाल्या. “नको ती डिश.”

मुटेरोनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा न करता हत्यारं पिशवीत भरली आणि शिडीवर पाय ठेवला.

“माई,” व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला. “तो रविवारचा मुलगा.”

“काय त्याचं?”

“चेहरा चांगला आहे त्याचा. पण तुम्ही नीट दाखवत नाही. सारखा फुटतो.” ते कपातल्या चहाकडे बघत होते. “मला बघायचाय तो.”

माईंनी शिडी पुन्हा घट्ट धरली.

“लावा, सहविरा.”

रविवारी गारिकाई पडद्यावर आला, तो अख्खा आला. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला होता, तो भुवईवरचा व्रणसुद्धा दिसला. हातातला वाफाळता कप त्यानं बाजूला ठेवला आणि तळवे वाजवले. टाळी आणि तिचा आवाज एकदमच आले.

“बाबा, कसे आहात?”

बाबा पुढे वाकले. त्यांनी तो चेहरा सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत पाहिला. मग हसले. शाळेत नव्यानं नाव घालायला आलेल्या पोराकडे बघून हसायचे, तसे. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, “तू कुणाचा रे, बाळा?”

माईंनी मान खाली घातली. पडद्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.

त्यांनी मान वर केली तेव्हा गारिकाईच्या मागे खिडकीवर पाऊस ओघळत होता. कपातली वाफ हळूहळू वर चढत होती. त्यानं डोळे मिटले, उघडले.

“आई,” तो म्हणाला, “लाईन मंद आहे वाटतं. बाबांना सांगा, सावकाश होऊ दे. मी थांबलोय.”