जनरलसाहेबांचा जिना

जनरलसाहेबांनी झाडू उलटा धरला होता. नाना दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते, ते थबकलेच. एवढा मोठा माणूस, आणि हातात झाडू!

"सर, राहू द्या," म्हणत त्यांनी झाडू काढून घेतला. ब्रिटिश लष्करातून निवृत्त झालेल्या जनरल फिट्झवॉरननी तो आनंदाने दिला. नाना पार खालपर्यंत झाडत गेले. साहेब कठड्याला टेकून "तो कोपरा राहिला" एवढंच सांगत होते.

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या त्या इमारतीत केअरवोखेची पद्धत होती. दाराला पाटी लटकली, की तो आठवडा जिना त्या घराने झाडायचा, पुसायचा. यंदा त्यावर बरंच काही अवलंबून होतं. मालकीणबाई फ्राऊ हेबर्ले लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. जिना सगळ्यात चांगला ठेवेल त्याला त्या आपला तळमजल्यावरचा मोठा फ्लॅट भाड्याने देणार होत्या, आणि इमारतीची देखरेखही. नानांच्या मुलाला, समर्थला, तो फ्लॅट हवाच होता. गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी चांगली, पण राहायला दीड खोली. सून तनया सात महिन्यांची पोटुशी. पाळणा आत आणायचा तर टेबल बाहेर काढावं लागलं असतं. जनरलना तोच फ्लॅट हवा होता, गुडघे दुखतात म्हणून.

"अहो नाना, तुम्ही त्यांचा जिना झाडलात?" तनयाने कपाळाला हात लावला. "पुण्यात कधी स्वतःचं ताट तरी उचललंत का?"

"अगं, जनरल आहे तो!"

नानांची सगळी नोकरी पुण्याच्या कॅम्पात, लष्करी कचेरीत गेलेली. साधा कॅप्टन आला तरी ते खुर्चीतून उठायचे. इथे तर अख्खा जनरल शेजारी!

साहेबांची कारकीर्दही दणदणीत. रशियन येतील म्हणून त्यांनी उभं आयुष्य जर्मनीत पहारा दिला. रशियन काही आले नाहीत, बढत्या मात्र वेळेवर येत गेल्या. खंदक शिपायांनी खणले, नकाशे कॅप्टनांनी काढले, भाषणं मदतनिसाने लिहिली, आणि पदकं साहेबांना मिळाली. हे सगळं ते कॉफी पिता पिता स्वतःच सांगायचे, जराही न लाजता. नाना भारावून ऐकायचे.

मग काय, साहेबांच्या दाराला पाटी लागली की नाना खाली हजर. पायरी न् पायरी लख्ख! घरची पाळी आली की मात्र नानांची कंबर धरलेली असायची. समर्थ कारखान्यातून दमूनभागून यायचा आणि घाईघाईने पाणी फिरवायचा.

निकालाच्या दिवशी फ्राऊ हेबर्लेंनी सगळ्यांना बोलावून केक दिला आणि किल्ल्या जनरलच्या हातात ठेवल्या.

तनयाने केकची बशी खाली ठेवली. पोटावर हात ठेवून नुसती उभी राहिली. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातवंडाची खोली आपण आपल्या हाताने घालवली! त्यांनी आशेने जनरलकडे पाहिलं. आता तरी साहेब खरं बोलतील. साहेब केक खात होते.

नाना ताडकन उठले. लष्करी माणसासमोर त्यांचा आवाज जन्मात पहिल्यांदा चढला.

"तनया, सांग त्यांना! ह्यांचा जिना मी झाडत होतो. दर वेळी मीच. ह्या गृहस्थाने कुंचासुद्धा हलवला नाही!"

तनयाने जर्मनमध्ये शब्द न् शब्द सांगितला. मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', असं त्या म्हणाल्या, आणि पुढे बरंच काही बोलल्या. जनरल नम्रपणे मान डोलवत होते.

"काय म्हणतात?" नानांनी विचारलं.

"म्हणतात, मला सगळं माहितीये, दाराच्या काचेतून बघत होते," तनया म्हणाली. "म्हणतात, जिना काय, कुणीही झाडेल. मी जन्मभर भाडेकरूंच्या मागे लागले, पण धड आपली पाळीसुद्धा कुणी केली नाही. आणि या माणसाने शेजाऱ्याच्या वडिलांकडून आपली पाळी फुकट करून घेतली, तीही हौसेने! इमारत सांभाळायला मला असाच माणूस हवा होता."