मुरलेलं लाकूड

पातं बसवायला पाचर ठोकली आणि रंध्याचा ठोकळा मधोमध तडकला. हा तिसरा.

कच्चं लाकूड घाईने चुलीवर सुकवल्यावर दुसरं काय होणार? कारखान्यातल्या करवतीने अंगठा नेल्यापासून बाजारचा एकही रंधा त्याच्या हातात ठरत नव्हता. चार बोटांना पेलेल असा रंधा सोमवारच्या आत घडवायला हवा होता, नाहीतर मालक त्याला, निम्म्या गावाची दारं घडवणाऱ्या सुताराला, फाटकावर वॉचमन म्हणून बसवणार होता.

"मुरलेलं लाकूड घरातच आहे," म्हणत बायकोने पहार आणली आणि उंबऱ्यावर ठेवली. त्या उंबऱ्यावर तिने कधी कुणाला पाय ठेवू दिला नव्हता.

"वेड लागलंय का? लक्ष्मीची वाट आहे ती!"

"ती काय फाटकावर येऊन भेटणार आहे तुम्हाला? उखडा."

रविवारी सकाळी उंबऱ्याचा रंधा फळीवरून सरसर धावला. कागदासारखं पातळ सालपट निघालं. दाखवायला तो दाराकडे पळाला.

बायको रांगोळीची चिमूट धरून दारात बसली होती. सवयीने बसली खरी, पण चिमूट सोडायची कुठे, तेच तिला कळेना.